मेक्सिकोची पाटी आणि साल्वादोरची चूल



इतिहासाचे व्याख्यान म्हटले म्हणजे राजे, लढाया, तह आणि सनदा यांची अपेक्षा धरून श्रोते येतात. त्यांतल्या काही गोष्टी आजही येणारच आहेत. परंतु त्यांच्याकडे आपण दरबाराच्या खिडकीतून न पाहता स्वयंपाकघराच्या दारातून पाहणार आहोत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील वॉशिंग्टन, लॉस एंजेलिस, ह्यूस्टन या शहरांत एका विशिष्ट प्रकारची खाणावळ जागोजाग आढळते. नवराबायको, मुली, सुना, एखादी मावशी अशी घरचीच माणसे ती चालवितात. घर असते मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या चिमुकल्या देशातले. पण दारावरच्या पाटीवर लिहिलेले असते ‘मेक्सिकन आणि साल्वादोरी भोजन’. वॉशिंग्टनच्या ॲडम्स मॉर्गन भागात १९८२ साली उघडलेले ‘एल तामारिंदो’ हे अशा कौटुंबिक खाणावळींपैकी एक जुने व नावाजलेले उदाहरण होय.

आता प्रश्न असा की, आपल्या घरचे अन्न विकावयास बसलेला माणूस पाटीवर दुसऱ्या देशाचे नाव का घालतो? मेक्सिको आणि एल साल्वादोर यांच्या सीमा एकमेकींना लागतसुद्धा नाहीत. मध्ये ग्वातेमाला आहे. मेक्सिको केवढा विस्तीर्ण, आणि साल्वादोर म्हणजे अवघे एकवीस हजार चौरस किलोमीटर. आपल्या महाराष्ट्रात असे चौदा देश मावतील. ‘गिऱ्हाईक मिळावे म्हणून’ हे उत्तर कोणीही देईल आणि ते खोटे नाही. पण ते अपुरे आहे. साल्वादोरच्या गरीब माणसावर आपले नाव झाकून ठेवण्याची पाळी गेल्या शंभर वर्षांत तीन वेळा आली, आणि तिन्ही वेळा त्याची ओळख टिकली ती मुख्यतः चुलीपाशी, असे माझे म्हणणे आहे. खाणावळीची पाटी ही त्यांपैकी तिसरी वेळ. हे म्हणणे कितपत टिकते ते आपण पाहू.

प्रथम ताटाकडे वळू. साल्वादोरचा मुख्य पदार्थ पुपुसा. मक्याच्या ओल्या पिठाचा गोळा घ्यावयाचा, त्यात शिजवून वाटलेला घेवडा, चीज, किंवा तळून वाटलेले डुकराचे मांस भरावयाचे, तोंड बंद करावयाचे आणि दोन्ही तळव्यांवर थापून तव्यावर टाकावयाचे. म्हणजे सारण भरण्याची रीत पुरणपोळीची आणि थापण्याची रीत हातावरच्या भाकरीची. लोरोको नावाच्या एका वेलीच्या कळ्याही चीजमध्ये घालतात. त्यांचा वास साल्वादोरी माणसाला गावाची आठवण करून देतो. पुपुशाबरोबर कोबी, गाजर आणि कांदा यांचे आंबट लोणचे येते. त्याला कुर्तिदो म्हणतात. शिवाय टोमॅटोचे पातळ कालवण. खावयाचे ते हातानेच.

याच यादीत दुसऱ्या बाजूला मेक्सिकोचे टाको, बुरितो, एंचिलादा असतात. वरवर पाहता दोन्ही बाजूंची नावे पुष्कळशी सारखी. पण येथेच नवख्याची फसगत होते. ‘केसादिया’ मागितली तर मेक्सिकोच्या रीतीने चीज घालून दुमडलेली पोळी येते. साल्वादोरात त्याच नावाने चीज घातलेला गोड केक मिळतो, आणि तो कॉफीबरोबर खातात. ‘ओर्चाता’ हे थंड पेय मेक्सिकोत तांदळाचे, तर साल्वादोरात मोर्रो नावाच्या फळाच्या बियांचे. तमाल म्हणजे मक्याच्या पिठाचा वाफवलेला पदार्थ. मध्य मेक्सिकोत तो कणसाच्या सालीत गुंडाळतात, साल्वादोरात केळीच्या पानात. हळदीच्या पानातल्या पातोळ्या ज्यांनी खाल्ल्या आहेत त्यांना ही तऱ्हा परकी वाटू नये. मेक्सिकोची तोर्तिया पातळ आणि रुंद, साल्वादोरची जाड आणि लहान. सख्ख्या बहिणी दोन गावांत नांदावयास गेल्या म्हणजे त्यांच्या हाताची चव जशी बदलते, तसाच हा प्रकार आहे.

बहिणी म्हणण्यास आधार आहे. या दोन्ही पाककृतींचा पाया मका, आणि मक्याहूनही मक्यावर करावयाची एक क्रिया. दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसेच ठेवतात. त्यामुळे टरफले सुटतात, दाणा मऊ होतो आणि वाटल्यावर पिठाला चिकटपणा येतो. नुसत्या कोरड्या मक्याच्या पिठाची भाकरी थापताना ती कशी चिरते हे आपल्या गृहिणींना सांगावयास नको. मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेत अशा दाण्यांना ‘नेश्तामाल्ली’ म्हणत. ‘नेश्त्ली’ म्हणजे राख. चुन्याच्या या संस्काराने मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला लागू पडते. स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला, पण ही क्रिया नेली नाही. नुसत्या मक्यावर जगणाऱ्या तेथल्या गरिबांत पेलाग्रा हा रोग पसरला, आणि १७३५ साली स्पेनमधील आस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल या वैद्याने त्याची नोंद केली. बी नेले आणि बाईच्या हातची विद्या मागे ठेवली, त्याचे हे फळ.

साल्वादोरात ही चूल किती जुनी आहे याचा पुरावा जमिनीखाली सापडला आहे. १९७६ साली धान्याची कोठारे बांधण्यासाठी यंत्राने जमीन सपाट करीत असता राखेत पुरलेले एक गाव हाती लागले. त्याला आज होया दे सेरेन म्हणतात. इसवी सन ६०० च्या सुमारास जवळच्या ज्वालामुखीने ते गाव काही तासांत झाकून टाकले. माणसे बहुधा पळून वाचली असावीत, कारण त्यांचे सांगाडे घरांत मिळाले नाहीत. पण घरे, स्वयंपाकाच्या खोल्या, पाटे, धान्याची भांडी आणि शेतात उभा असलेला मका यांचे ठसे राखेने जपले. १९९३ साली युनेस्कोने हे स्थळ जागतिक वारशात घेतले. येथे राजवाडा नाही की विजयस्तंभ नाही. शेतकऱ्याच्या स्वयंपाकघराला हा मान मिळाल्याची उदाहरणे जगात फार थोडी आहेत.

पुढे, साधारणपणे दहाव्या शतकापासून, मध्य मेक्सिकोकडून नाहुआ वंशाच्या टोळ्या दक्षिणेकडे येऊन या प्रदेशात वसल्या. त्यांना पिपिल म्हणतात. त्यांच्या राज्याचे नाव कुस्कात्लान. त्यांची नावात ही भाषा मेक्सिकोच्या नाहुआत्लची बहीण. तवा, पाटा, तमाल, टोमॅटो, मिरची, कोको यांचे स्पॅनिशमधले शब्द याच भाषाकुळातून आले आहेत. ‘पुपुसा’ हा शब्दही ‘फुगलेला’ अशा अर्थाच्या नावात शब्दावरून आला असे सामान्यतः मानतात. अर्थात शेजारचा होंडुरासही या पदार्थावर हक्क सांगतो. एवढे निश्चित की, मेक्सिको आणि साल्वादोर यांच्या अन्नाचा मेळ पहिल्यांदा घडला तो वॉशिंग्टनच्या खाणावळीत नव्हे. हजार वर्षांपूर्वी पायी आलेल्या माणसांनी तो घडविला.

१५२४ साली पेद्रो दे आल्वारादो हा स्पॅनिश सरदार कुस्कात्लानवर चालून आला. त्याच्या सैन्यात स्पॅनिश शिपाई थोडे आणि मेक्सिकोहून आणलेले देशी सैनिक पुष्कळ. त्यांतल्या काहींनी तेथेच वस्ती केली, आणि राजधानी सान साल्वादोरला लागून असलेल्या एका नगराचे नाव आजही ‘मेहिकानोस’, म्हणजे ‘मेक्सिकन लोक’, असे आहे. १८२१ साली स्पेनची सत्ता गेली. मेक्सिकोचा नवा सम्राट इतुर्बिदे याने मध्य अमेरिका आपल्या साम्राज्यात ओढू पाहिली, तेव्हा सर्वांत चिवट विरोध केला तो सान साल्वादोरने. त्या निकरावर तेथल्या सभेने १८२२ च्या डिसेंबरात चक्क अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सामील होण्याचा ठराव केला! त्याचा काही उपयोग झाला नाही. १८२३ च्या फेब्रुवारीत मेक्सिकोचे सैन्य शहरात शिरले, आणि पुढच्याच महिन्यात खुद्द सम्राटाचीच गादी गेली. मेक्सिकोच्या नावाखाली जावयाचे नाही म्हणून ज्यांनी हत्यार उचलले, त्यांच्याच वंशजांनी दीडशे वर्षांनी मेक्सिकोचे नाव दारावर लावावे, ही इतिहासाची थट्टा खरी. पण ती समजण्यास मधली दीडशे वर्षे पाहावी लागतील.

स्वतंत्र साल्वादोरात कॉफीचे राज्य आले. १८८१ आणि १८८२ च्या कायद्यांनी गावांच्या सामाईक जमिनी मोडल्या. पिढ्यान्‌पिढ्या मका आणि घेवडा पिकविणारी कुटुंबे मळ्यांवर मजूर झाली. १९२९ च्या जागतिक मंदीत कॉफीचे भाव कोसळले आणि मजुरीही गेली. जानेवारी १९३२ मध्ये पश्चिम भागातील शेतकऱ्यांनी उठाव केला. जनरल माक्सिमिलियानो एर्नांदेस मार्तीनेस याच्या सरकारने त्याला जे उत्तर दिले त्याला त्या देशात नुसते ‘कत्तल’ म्हणतात. मृतांची संख्या दहा हजारांपासून तीस हजारांपर्यंत सांगतात. देशी पोशाख आणि देशी भाषा हाच गुन्हा ठरला. उरलेल्यांनी पोशाख बदलला, मुलांशी नावात बोलणे सोडले. आज ती भाषा जाणणारे म्हातारे मूठभर राहिले आहेत. ही नाव झाकण्याची पहिली वेळ. पण मका चुन्याच्या पाण्यात शिजतच राहिला. पाट्यावरून वाटण काढताना आई मुलीला जे शिकविते ते कोणत्याही शिपायाच्या कानावर जात नाही.

दुसरी वेळ आली ती यादवी युद्धात. जमिनीची टंचाई पूर्वीची होतीच. कामासाठी होंडुरासात गेलेले हजारो लोक १९६९ च्या जुलैतील चार दिवसांच्या युद्धामुळे परत लोटले गेले होते. २४ मार्च १९८० रोजी आर्चबिशप ऑस्कार रोमेरो यांना प्रार्थना चालू असताना गोळी घातली गेली. डिसेंबर १९८१ मध्ये एल मोसोते या खेड्यात व आसपास सैन्याने सुमारे हजार माणसे मारली. त्यांत मुले फार होती. बारा वर्षांत सुमारे पंच्याहत्तर हजार लोक मेले आणि लाखो देश सोडून उत्तरेकडे निघाले.

हा रस्ता मेक्सिकोतून जातो. मेक्सिकोत पकडले गेले तर परत साल्वादोर. अमेरिकेच्या सीमेवर पकडले गेले आणि साल्वादोरी ठरले तरी परत साल्वादोर. पण ‘मी मेक्सिकन’ असे पटवून देता आले तर फक्त सीमेपलीकडे, मेक्सिकोत सोडून देत. तेथून पुन्हा प्रयत्न करता येई. म्हणून वाटेवर माणसे मेक्सिकन होण्याचा अभ्यास करीत. साल्वादोरी मनुष्य जवळच्याला ‘वोस’ म्हणतो, मेक्सिकन ‘तू’ म्हणतो. आपल्याकडे एका वाक्यावरून माणूस वऱ्हाडचा की कोकणचा हे कळते, तसे तेथे या एका शब्दावरून देश कळे. तो शब्द जिभेवर येऊ द्यावयाचा नाही, पैशांची नावे मेक्सिकोची घ्यावयाची, राष्ट्रगीत मेक्सिकोचे पाठ करावयाचे. अमेरिकेत पोहोचल्यावर आश्रय मागावा तर साल्वादोरच्या त्या सरकारला अब्जावधी डॉलरची मदत देणारे अमेरिकेचे सरकारच. १९८४ च्या सुमारास साल्वादोरी लोकांच्या शंभर अर्जांपैकी तीनसुद्धा मंजूर होत नसत. १९९० च्या कायद्याने तात्पुरते संरक्षण मिळाले आणि १९९१ मध्ये न्यायालयात झालेल्या तडजोडीने जुने अर्ज पुन्हा तपासले जाऊ लागले. तोपर्यंत दहा वर्षे अशा कुटुंबांनी चुकीचे नाव ओठांवर घेऊन काढली. मेक्सिकोला यात केवळ पहारेकरी ठरविणे मात्र अन्यायाचे होईल. १९८१ साली त्याने फ्रान्ससह साल्वादोरच्या विरोधी आघाडीला राजकीय मान्यता दिली, आणि १६ जानेवारी १९९२ रोजी युद्ध संपविणारा तह झाला तो मेक्सिको शहरातील चापुल्तेपेकच्या राजवाड्यातच.

आता तिसरी वेळ, म्हणजे आपली खाणावळ. वॉशिंग्टनला साल्वादोरी लोक पोहोचले त्यात एक विशेष आहे. १९६० आणि १९७० च्या दशकांत राजनैतिक अधिकारी आणि आंतरराष्ट्रीय संस्थांचे नोकर यांनी घरकामाला मध्य अमेरिकेतून बायका आणल्या. एरवी पुरुष आधी जातो आणि बायको मागून येते. येथे बायका आधी आल्या, स्वयंपाकघराच्या दाराने आल्या, आणि त्यांनी भाऊ, नवरे, भाचे बोलावून घेतले. साल्वादोरच्या पूर्वेकडील इंतिपुका या लहानशा गावचे इतके लोक तेथे गेले की गाव आणि राजधानी यांची सोयरीकच जमली. युद्ध भडकल्यावर ही पायवाट हमरस्ता झाली.

या लोकांजवळ भांडवल होते ते हाताचे. परंतु १९८० साली अमेरिकन गिऱ्हाइकाला पुपुसा ठाऊक नव्हता. टाको ठाऊक होता. १८४८ च्या तहाने मेक्सिकोचा अर्ध्याहून अधिक मुलूख अमेरिकेने घेतला तेव्हा तिथली माणसे आणि त्यांच्या चुलीही त्याबरोबर आल्या. १९६२ साली कॅलिफोर्नियात ‘टाको बेल’ हे पहिले दुकान निघाले आणि टाको देशभर झाला. तेव्हा साल्वादोरी घराने हिशेब केला तो सरळ होता: टाको-बुरितो विकून भाडे भरावयाचे आणि यादीच्या खालच्या ओळीत पुपुसा ठेवावयाचा. इंग्लंडातील असंख्य ‘इंडियन’ खाणावळी पूर्व बंगालच्या सिल्हेटच्या लोकांनी चालविल्या, त्यांचाही हिशेब हाच होता. गिऱ्हाइकाला जे नाव वाचता येते तेच पाटीवर चढते.

पण परक्या नावाखाली वावरण्याची किंमत असते. ५ मे १९९१ रोजी वॉशिंग्टनच्या माउंट प्लेझंट भागात पोलिसाच्या गोळीने एक साल्वादोरी तरुण जखमी झाला आणि दोन रात्री दंगल पेटली. तो दिवस मेक्सिकोच्या १८६२ मधील प्वेब्लाच्या विजयाचा. अमेरिकेत तो साऱ्याच स्पॅनिश बोलणाऱ्यांचा सण समजला जातो. दंगलीनंतर चौकशी झाली तेव्हा शहराला नव्याने कळले की, आपल्यातच एक मोठा समाज राहत आहे, त्याची भाषा बोलणारे पोलीस आपल्याजवळ फार थोडे आहेत आणि त्याच्या अडचणी कोणी विचारल्याच नाहीत. ज्यांचे अन्न शहर रोज खात होते, त्यांचे नाव शहराला माहीत नव्हते.

त्यानंतरच्या तीस वर्षांत यादीचा क्रम हळूहळू बदलला. साल्वादोरी वंशाचे लोक अमेरिकेत सुमारे पंचवीस लाख झाले. मायदेशाची लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास आहे. त्यांनी घरी धाडलेला पैसा देशाच्या एकंदर उत्पन्नाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक भरतो. २००५ साली साल्वादोरच्या विधिमंडळाने पुपुसा हा राष्ट्रीय पदार्थ ठरविला आणि नोव्हेंबरचा दुसरा रविवार त्याचा दिवस म्हणून जाहीर केला. जो पदार्थ पूर्वी यादीच्या तळाशी होता त्यासाठीच पुष्कळ ठिकाणी आता गिऱ्हाईक येते. मुलांच्या पिढीने पुपुशात मेक्सिकन रीतीचे भाजलेले मांस भरले, टाकोवर कुर्तिदो घातले. आणि पुपुशाचे पीठ? ते पुष्कळदा मासेकाचे, म्हणजे १९४९ साली मेक्सिकोत स्थापन झालेल्या कंपनीने चुन्याची क्रिया आधीच करून पिशवीत भरलेले. रात्रभर मका भिजविण्यापासून आणि पहाटे पाट्यावर वाकण्यापासून बाई सुटली, हा त्यातला लाभ मी लहान समजत नाही.

काही अभिमानी मंडळी म्हणतात की, ही भेसळ आहे; साल्वादोरी असेल तर निखळ साल्वादोरी असावे. त्यांच्या भावनेचा मान राखूनही मला तसे म्हणवत नाही. ज्याला ते निखळ मेक्सिकन समजतात त्या ‘पास्तोर’ टाकोचे उभ्या सळईवर भाजलेले मांस लेबाननहून आलेल्या लोकांनी मेक्सिकोस दिले. पुपुशातले चीज आणि डुकराचे मांस स्पॅनिश जहाजांतून आले. आपण तरी निराळे कोठे आहोत? ज्या मिरचीवाचून आपला ठेचा होत नाही ती मेक्सिकोकडची. पोर्तुगीजांच्या हातून ती गोव्याच्या किनाऱ्याला लागली. आणि उलट दिशेनेही काही गेले आहे. वॉशिंग्टनच्या ज्या खाणावळीचा मी आरंभी उल्लेख केला तिचे नाव ‘एल तामारिंदो’, म्हणजे चिंच. हा शब्द अरबी ‘तमर हिंदी’वरून, म्हणजे ‘हिंदचा खजूर’ यावरून, आला आहे. अरब, स्पेन, मेक्सिको असा प्रवास करून आपल्या देशाचे नाव त्या पाटीवर जाऊन बसले आहे.

तेव्हा मिश्रण हा दोष नव्हे. दोष असतो तो भीतीने करावयास लावलेल्या मिश्रणात. १९३२ साली पोशाख बदलणाऱ्या बाईला आणि १९८४ साली सीमेवर ‘वोस’ गिळणाऱ्या मुलाला निवड नव्हती. त्याच घराण्याची नात आज पुपुशात मेक्सिकन मसाला घालते तेव्हा ती आपल्या मनाने घालते, आणि विचारल्यास दोन्ही देशांची नावे मोकळेपणाने सांगते. या तीन पिढ्यांमधले अंतर हाच त्या समाजाचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास. ते अंतर पुरते कापून झालेले नाही. परवान्याची मुदत संपल्यावर काय, हा घोर अजून कित्येक घरांना आहे, आणि अशा घरांतली माणसे आजही पाटीवरचे नाव जपूनच लिहितात. पुपुसा मात्र ते पूर्वीसारखेच थापतात, दोन्ही तळव्यांवर.